नवं मेंब्रेन टाकलं तरी काही महिन्यांत पाणी परत खारट: आधी काय तपासायचं

तक्रार जवळपास सगळीकडे सारखीच असते. विहिरीचं पाणी खारट म्हणून गावात आरओ प्लांट (दाबाने पाणी एका बारीक पडद्यातून, म्हणजे मेंब्रेनमधून, ढकलून क्षार मागे ठेवणारं यंत्र) बसवला, पहिले काही महिने पाणी एकदम गोडं, लोक खूश, मग हळूहळू धार बारीक व्हायला लागली, मग कोणीतरी म्हणालं पाणी परत मचूळ लागतंय, मेकॅनिक आला, मेंब्रेन गेलंय म्हणाला, नवीन टाकलं, परत काही महिने बरं आणि परत तेच. दोन-तीनदा असं झालं की जमवलेले पैसे संपतात, प्लांटला कुलूप लागतं आणि लोक पुन्हा लांबून पाणी वाहायला लागतात. अशी कुलूप लागलेली मशिनं बघून जीव तुटतो, कारण त्यातली बरीचशी दुरुस्त होण्यासारखी असतात.

एक गोष्ट आधी पक्की धरा. मेंब्रेन नीट सांभाळलं तर तीन ते पाच वर्षं चालतं. ते सहा महिन्यांत गेलं असेल तर त्याला कशाने तरी मारलंय, आणि ते जे काही आहे ते तुमच्या प्लांटमध्ये अजून तसंच बसलेलं आहे. ते शोधायच्या आधी नवीन मेंब्रेन टाकणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं. आणि शोधायला भारी यंत्रं लागत नाहीत, एक वही, एक टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला किती मिलिग्रॅम, ते दाखवणारा), एक बादली आणि मोबाईलचं स्टॉपवॉच एवढ्यात नव्वद टक्के काम होतं.

वहीत काय लिहायचं

प्लांट चालू करून अर्धा तास झाला की रोज एकाच वेळी या गोष्टी लिहायच्या: विहिरीच्या पाण्याचा टीडीएस, गोड्या पाण्याचा टीडीएस, गोडं पाणी मिनिटाला किती लिटर येतंय, रिजेक्ट (मागे उरलेले क्षार घेऊन बाहेर पडणारं दाट पाणी) मिनिटाला किती जातंय, मेंब्रेनच्या आधीचं प्रेशर, मेंब्रेनच्या नंतर रिजेक्टच्या बाजूचं प्रेशर, आणि पाणी किती गरम-थंड आहे ते. सात आकडे, पाच मिनिटांचं काम. अर्धा तास का थांबायचं, तर रात्रभर बंद असलेल्या प्लांटमध्ये क्षार हळूहळू मेंब्रेनमधून पलीकडे झिरपलेले असतात, त्यामुळे सुरुवातीची काही मिनिटं गोड्या पाण्याचा टीडीएस जास्तच दाखवणार, त्यावरून मेंब्रेन गेलं असं ठरवू नका. ते सुरुवातीचं पाणी टाकीत न घेता बाहेर सोडायचं, एवढंच केलं तरी 'सकाळी पाणी खारट लागतं' ही तक्रार कित्येक ठिकाणी संपते.

प्लांटवरच्या काचेच्या फ्लोमीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आतून लाल-पिवळा थर बसला की त्यातला गोळा अडकतो. महिन्यातून एकदा बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजून ताडा. अजून एक छान पडताळा आहे, क्षारांचा हिशोब जुळतो का बघायचं. समजा तासाला १००० लिटर पाणी आत जातंय, टीडीएस ३०००. त्यातलं ५०० लिटर गोडं येतंय, टीडीएस १००. म्हणजे उरलेल्या ५०० लिटर रिजेक्टचा टीडीएस ५९०० च्या आसपास यायला हवा, क्षार कुठे हवेत उडत नाहीत. तुमच्या रिजेक्टचा टीडीएस ९००० आला तर समजा रिजेक्ट तुम्ही समजताय त्यापेक्षा बरंच कमी जातंय आणि कुठला तरी मीटर खोटं बोलतोय. मीटरसुद्धा तसा टीडीएस थेट मोजत नाही, तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्याला ०.५ ते ०.७ च्या मधल्या कुठल्या तरी आकड्याने गुणतो, म्हणून दोन मीटर दोन आकडे दाखवतात. घाबरू नका, फक्त रोज एकच मीटर वापरा.

आता या आकड्यांवरून निदान कसं करायचं ते.

सगळ्यात आधी गोड्या पाण्याच्या टीडीएसला विहिरीच्या टीडीएसने भागा आणि टक्के काढा. ३००० पैकी ९० पलीकडे येत असतील तर ३ टक्के. आता उन्हाळ्यात विहीर ५००० वर गेली आणि गोडं पाणी १५० दाखवतंय, तर तेही ३ टक्केच. मेंब्रेन जसंच्या तसं आहे, खारट झाली ती विहीर! हा साधा भागाकार न केल्यामुळे चांगली मेंब्रेन फेकून दिलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीत, आणि एकदा त्या फेकणाऱ्यांमध्ये मीही होतो, अजून वाईट वाटतं त्याचं.

दुसरं म्हणजे थंडी. पाणी एक डिग्रीने गार झालं की धार साधारण ३ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे ३० डिग्रीचं पाणी २० वर आलं तर पाव भागाहून जास्त धार नुसत्या थंडीने गेली, बिघाड काहीच नाही. यासाठी तापमान लिहायचं.

हे दोन्ही वजा केल्यावर जे उरतं तो खरा बिघाड. धार कमी झाली आणि टक्के वाढले तर बहुतेक क्षार साचलेत. धार कमी, आधीच्या आणि नंतरच्या प्रेशरमधला फरक वाढत चाललाय पण टक्के फारसे हलले नाहीत, तर शेवाळासारखा बुळबुळीत जिवाणूंचा थर किंवा गाळ बसलाय. धार वाढली आणि टक्केही वाढले तर क्लोरीनने मेंब्रेन खाल्लंय. धार आहे तेवढीच आणि टक्के एका दिवसात उडी मारून वर गेले तर ओ-रिंग (जोडातली रबराची गोल कडी) किंवा जोड गळतोय. ढोबळ नियम असा की तापमानाचा हिशोब करूनही धार १० ते १५ टक्के पडली, किंवा प्रेशरचा फरक तेवढाच वाढला, की लगेच धुवायला घ्यायचं. धार निम्मी झाल्यावर धुवायला गेलात तर थर इतका घट्ट बसलेला असतो की तो पूर्ण निघतच नाही.

रिजेक्टचा व्हॉल्व्ह, सगळ्यात मोठा गुन्हेगार

माझ्या अनुभवात सारखी सारखी मेंब्रेन जाण्याचं एक नंबरचं कारण हे आहे, आणि यात कोणाचा हेतू वाईट नसतो. पाणी टंचाईचं गाव, एवढं पाणी नालीत जाताना बघून कोणाचाही जीव वरखाली होणार, मग ऑपरेटर रिजेक्टचा व्हॉल्व्ह थोडा आवळतो, गोड्या पाण्याची धार लगेच वाढते, सगळ्यांना वाटतं बघा किती सोपं होतं. मग अजून थोडा आवळतो.

पण आत काय होतं बघा. विहिरीचं पाणी ३००० टीडीएसचं आहे. निम्मं गोडं काढलं तर रिजेक्ट दुप्पट खारट, म्हणजे ६००० च्या जवळ. पाऊण काढलं तर चौपट, १२०००. ऐंशी टक्के काढलं तर पाचपट, १५०००. म्हणजे मेंब्रेनच्या शेवटच्या टोकाला तुमच्या विहिरीचं पाणी उरलेलंच नसतं, तिथे कितीतरी जास्त खारट पाणी असतं, आणि त्यात कॅल्शियम इतका दाटतो की तो विरघळलेल्या अवस्थेत राहूच शकत नाही, दगड होऊन मेंब्रेनवर बसतो. चहाच्या भांड्याला जसा पांढरा थर धरतो तसाच.

वर अजून एक गोष्ट. खारं पाणी मेंब्रेनमधून ढकलायला आधी त्याच्या ऑस्मोटिक प्रेशरवर, म्हणजे क्षारांमुळे पाणी उलट्या बाजूला ओढणाऱ्या दाबावर, मात करावी लागते, आणि ते दर १००० टीडीएसला साधारण ०.७ ते ०.८ किलो (चौरस सेंटीमीटरला) असतं. ३००० ला दोन-सव्वादोन किलो. १२००० ला नऊ किलोच्या आसपास. तुमचा पंप जर दहा-बारा किलोवर चालत असेल तर शेवटच्या टोकाला जोर उरतोच कुठे! समुद्राच्या पाण्याला याच हिशोबाने पंचवीस किलोच्या वर नुसतं ऑस्मोटिक प्रेशर असतं म्हणून तिथले पंप वेगळेच असतात.

त्यामुळे व्हॉल्व्ह किती उघडा ठेवायचा हे डोळ्यांनी ठरवायचं नाही, पाण्याचा लॅब रिपोर्ट बघून ठरवायचं. रिपोर्टमध्ये कॅल्शियम, बायकार्बोनेट, सल्फेट, सिलिका आणि लोह हे आकडे पाहिजेतच, नुसता टीडीएस कामाचा नाही, कारण दोन विहिरींचा टीडीएस सारखा असला तरी एकीत नुसतं मीठ असेल तर ती आरामात चालते आणि दुसरीत कॅल्शियम-सल्फेट असेल तर ती प्लांटचा जीव घेते. एकाच मेंब्रेनमधून सरळ एका फेरीत पंधरा टक्क्यांच्या आसपासच गोडं पाणी काढायचं असतं, त्यापेक्षा जास्त काढायला मेंब्रेन एकामागे एक लावतात किंवा रिजेक्टचा काही भाग पुन्हा पंपाकडे फिरवतात. एकदा जागा ठरली की व्हॉल्व्हला वायरने बांधून सील करून टाका आणि चालवणाऱ्या माणसाला कारण नीट समजावून सांगा. नुसतं 'हात लावू नको' म्हटलं तर तो लावणारच, त्याला रोज लोकांची बोलणी खावी लागतात. रिजेक्ट वाया जातं याचं वाईट वाटत असेल तर ते वेगळ्या टाकीत घेऊन संडासला, फरशी धुवायला वापरा. परत विहिरीत मात्र सोडू नका, आणि विहिरीशेजारच्या शोषखड्ड्यातही नको, दोन्हीचा अर्थ एकच होतो, तेच पाणी अजून खारट होऊन परत तुमच्याकडेच येणार.

अँटीस्केलंट जातंय का, की नुसता पंप टकटक करतोय

क्षार बसू नयेत म्हणून अँटीस्केलंट सोडतात, साधारण २ ते ५ पीपीएम, म्हणजे १००० लिटर पाण्यात २ ते ५ ग्रॅम. इतकं कमी असल्यामुळे ते जातंय की नाही ते सहज कळत नाही. डोझिंग पंपाचा (औषध थेंबथेंब सोडणाऱ्या छोट्या पंपाचा) टकटक आवाज येतो, लाईट लागलेला असतो आणि नळीत हवेचा एक बुडबुडा अडकून बसलेला, म्हणजे एक थेंबही पुढे जात नाहीये. आमच्याकडे हे कित्येक आठवडे असंच चालू होतं आणि कॅन तसाच भरलेला बघून सगळे म्हणत होते की औषध छान पुरतंय. म्हणून कॅनवर पेनाने रेघ मारा आणि रोज किती उतरलं ते लिहा. हिशोबाप्रमाणे उतरलं नाही तर प्लांट बंद, आधी पंप. आणि अँटीस्केलंट पातळ करायचं असेल तर आरओच्या गोड्या पाण्यात करा, तेही काही दिवस पुरेल एवढंच, जास्त पातळ करून महिनाभर ठेवलं तर त्यातच जिवाणू वाढतात आणि तेच तुम्ही मेंब्रेनवर सोडता.

थर कसला आहे ते ओळखून मग धुवा

रिजेक्टचा व्हॉल्व्ह किंवा शेवटचा पाईप उघडा, आत थर असेल तर थोडा खरवडून घ्या आणि त्यावर सायट्रिक अ‍ॅसिडचं घट्ट पाणी किंवा लिंबाचा रस टाका. फसफसलं तर कॅल्शियम कार्बोनेट, सुटलात, अ‍ॅसिडने निघेल. फसफसलं नाही आणि विरघळतही नाही तर सल्फेट किंवा सिलिका, ते काढणं फार अवघड, तिथे धुण्यापेक्षा रिजेक्ट वाढवणं आणि पुन्हा बसू न देणं हाच मार्ग. थर तांबडा असेल तर लोह. बोटाला बुळबुळीत लागतोय आणि वास येतोय तर जिवाणू.

कार्बोनेट आणि लोहासाठी साधारण २ टक्के सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे १०० लिटर गोड्या पाण्यात २ किलो, कमी प्रेशरवर फिरवायचं, थोडा वेळ तसंच मुरू द्यायचं, परत फिरवायचं. बुळबुळीत थराला उलट, अल्कलीचं म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण, पीएच ११ ते १२, आणि पाणी फार गरम नको. दोन्ही असतील तर आधी अल्कली मग अ‍ॅसिड, कारण अ‍ॅसिड आधी टाकलं की तो बुळबुळीत थर अजून घट्ट बसतो. मध्ये गोड्या पाण्याने भरपूर धुवायचं, आणि तुमच्या मेंब्रेनच्या कागदावर पीएच आणि तापमानाची जी मर्यादा लिहिलीय ती ओलांडायची नाही. हातमोजे, चष्मा घाला. अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग पावडर किंवा हायपोक्लोराईट एकमेकांच्या जवळसुद्धा आणू नका, विषारी क्लोरीन गॅस तयार होतो, बंद खोलीत माणूस दगावू शकतो. धुतलेलं पाणी आणि त्यानंतरचं पहिलं गोडं पाणी दोन्ही टाकून द्यायचं.

जागेवरूनही अंदाज येतो. एकामागे एक मेंब्रेन असतील तर क्षार शेवटच्या मेंब्रेनमध्ये आधी साचतात कारण पाणी तिथे सगळ्यात दाट असतं, आणि गाळ-जिवाणू पहिल्यामध्ये आधी. शेवटचं मेंब्रेन उचलून बघा, पाणी निथळल्यावरही नव्यापेक्षा खूप जड लागलं तर आत दगड भरलाय.

लोहाचं एक वेगळं दुखणं आहे. विहिरीतून वर आलेलं पाणी अगदी काचेसारखं स्वच्छ दिसतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. पांढऱ्या बादलीत भरून काही तास उघडं ठेवा. तळाला तांबूस गाळ बसला तर पाण्यात लोह आहे, हवा लागली की ते गंजासारखं बाहेर येतं. अशा पाण्याला आरओच्या आधीच हवा खेळवून, गाळ बसवून, वाळूच्या फिल्टरमधून गाळून घ्यावं लागतं. अर्धवट हवा लागू देणं सगळ्यात वाईट, म्हणजे सक्शनच्या पाईपला बारीक भोक असलं तर लोह नेमकं मेंब्रेनवर जाऊन बसतं. सडक्या अंड्याचा वास येणाऱ्या पाण्याचंही तेच, त्यातल्या हायड्रोजन सल्फाईडला थोडी हवा लागली की गंधकाचे बारीक कण होतात आणि ते धुऊन निघता निघत नाहीत. मेंब्रेनच्या आधी लावलेलं पाच मायक्रॉनचं कार्ट्रिज (गाळ अडवणारा फिल्टर) काढून बघा, त्याचा रंगच सगळं सांगतो. आणि कार्ट्रिज धुऊन परत लावत जाऊ नका, बदला.

क्लोरीन

आता हा मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो. हल्लीची बहुतेक मेंब्रेन पॉलिअमाइडची असतात आणि त्यांना मोकळा क्लोरीन अजिबात चालत नाही, ०.१ पीपीएमसुद्धा रोज जात राहिला तर हळूहळू खाऊन टाकतो. आणि होतं काय, पाऊस झाला, साथ आली, कोणीतरी चांगल्या मनाने विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकली, प्लांटवाल्याला सांगितलंच नाही, प्लांट तसाच चालू. काही आठवड्यांत धार अचानक छान वाढते, सगळे खूश, आणि मग पाणी खारट. हे धुऊन बरं होत नाही, मेंब्रेन गेलंच. म्हणून विहिरीत क्लोरीन टाकला असेल तर टेस्ट किटने शून्य येईपर्यंत प्लांट बंद ठेवा, किंवा आधी कार्बन फिल्टर किंवा सोडियम मेटाबायसल्फाईट (क्लोरीन मारणारं रसायन) असू द्या. क्लोरीनची खरी जागा मेंब्रेनच्या नंतर, गोड्या पाण्याच्या टाकीत. तिथे तो पाहिजेच, कारण आरओचं पाणी शुद्ध निघालं तरी टाकीत, नळाला, घरच्या भांड्यात परत घाण होतं आणि त्याच्यात स्वतःला वाचवायला काही नसतं. नळाला ०.२ ते ०.५ पीपीएम मिळाला पाहिजे.

नवीन मेंब्रेन बसवल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच खारट येत असेल तर मेंब्रेनला दोष देऊ नका, बसवण्यात चूक आहे. ओ-रिंग पिळली गेली, कापली गेली किंवा चक्क राहून गेली. ओ-रिंगला ग्लिसरीन लावा, तेल-ग्रीस-व्हॅसलीन नको, त्याने रबर आणि मेंब्रेन दोन्ही खराब होतात. बाहेरच्या मोठ्या ब्राईन सीलचा ओठ पाणी येणाऱ्या बाजूला उघडा हवा, उलटा बसला तर पाणी मेंब्रेनच्या बाहेरूनच निघून जातं. मेंब्रेनची एकापेक्षा जास्त नळकांडी असतील तर प्रत्येकाच्या गोड्या पाण्याचा टीडीएस वेगळा मोजा, एकच वेगळा आला तर चोर सापडला.

अजून एक लपलेलं कारण, गोड्या पाण्याची टाकी उंचावर आणि मध्ये एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) नाही. पंप बंद झाला की टाकीतल्या पाण्याचं वजन मेंब्रेनवर उलट्या बाजूने येतं, आणि मेंब्रेनला तो उलटा दाब ०.३ किलोच्या वर, म्हणजे तीन मीटर उंचीच्या पाण्याच्या वर सहन होत नाही, चिकटवलेले पदर सुटतात. लाईट जाईल तितक्या वेळा हे घडतं. एक साधा एनआरव्ही बसवून हे थांबतं.

सगळं ठीक आहे पण विहीरच खारट होत चाललीय

समुद्राजवळच्या विहिरींना हे हमखास होतं. गोडं पाणी हलकं, खारं जड, म्हणून जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हिशोब मांडला तो असा की समुद्रपातळीच्या वर १ मीटर गोडं पाणी उभं असेल तर त्याखाली साधारण ४० मीटर गोडं पाणी असतं. उलटं वाचा म्हणजे भीती कळेल, उपशाने वरची पातळी १ मीटरने उतरली आणि तशीच राहिली तर खालचं खारं पाणी ४० मीटर वर सरकू बघतं. त्यात पंप जोरात चालवला की थेट त्याच्या खाली खाऱ्या पाण्याचा उंचवटा तयार होतो आणि तेच वर ओढलं जातं.

म्हणून मोठा पंप लावून दोन तासांत टाकी भरण्यापेक्षा छोटा पंप दहा तास चालवा, आणि पंप तळाशी न ठेवता जमेल तितका वर टांगा. पंप चालू केल्यावर, एका तासाने आणि चार तासांनी टीडीएस मोजून बघा, चढत गेला तर उपसा जास्त होतोय. पावसाचं पाणी विहिरीच्या आसपास मुरवलं तर याला खरी मदत होते, आणि छपराचं पावसाचं पाणी साठवता आलं तर तेवढे महिने प्लांटला आणि विहिरीला दोघांनाही विसावा.

काही प्रश्न सारखे येतात म्हणून थोडक्यात. पाणी उकळून खारटपणा जात नाही, उलट वाफ निघून गेल्यामुळे वाढतो. तुरटी, वाळू, कोळसा, मातीचा फिल्टर यातल्या कशानेही मीठ निघत नाही. वाफ पकडून थंड केली तर निघतं, सूर्याच्या उष्णतेवर चालणारी काचेची पेटी हेच करते, चिलीमध्ये लास सॅलिनास इथे १८७२ मध्ये अशा काचांचा मोठा प्लांट उभारून खाणीवरच्या लोकांना आणि जनावरांना पाणी पुरवलं होतं. पण चांगल्या उन्हात एक चौरस मीटर काचेला दिवसाला तीन-चार लिटरच पाणी मिळतं, एका घराला ठीक, गावाला जागा पुरत नाही. पाणी फक्त थोडं मचूळ असेल तर इलेक्ट्रोडायलिसिस हाही चांगला पर्याय आहे, त्यात वीज क्षारांनाच ओढून काढते, पाणी ढकलावं लागत नाही आणि वाया कमी जातं. एमआयटी आणि जैन इरिगेशन यांच्या सौरऊर्जेवरच्या अशा यंत्राला २०१५ मध्ये डिसॅल प्राईझ (खारं पाणी गोडं करण्याच्या तंत्रासाठीचं बक्षीस) मिळालं होतं. फक्त लक्षात ठेवा की त्यातून जिवाणू निघत नाहीत, निर्जंतुकीकरण वेगळं करावं लागतं.

आणि चव म्हणजे सुरक्षितता नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ६०० च्या खालचा टीडीएस चवीला चांगला, १००० च्या वर पाणी पिववत नाही. पण फ्लोराईड १.५, नायट्रेट ५० आणि आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादा टीडीएस मीटरवर दिसत नाहीत, त्या लॅबमध्येच कळतात. काही जण आरओचं पाणी बेचव लागतं म्हणून त्यात थोडं विहिरीचं पाणी मिसळतात, विहिरीत नायट्रेट किंवा आर्सेनिक असेल तर तुम्ही काढलेलं विष परत घालताय. चवीसाठी कॅल्साईटच्या (चुनखडीसारख्या दगडाच्या) खड्यांमधून पाणी सोडा, त्याने पीएचही सुधारतो, नाहीतर आरओचं किंचित आम्लधर्मी पाणी लोखंडी पाईप खात बसतं.

शेवटचं, प्लांट बंद ठेवतानाचं. रोज रात्री बंद करायच्या आधी पाच-दहा मिनिटं गोड्या पाण्याने कमी प्रेशरवर मेंब्रेन धुऊन घ्या, म्हणजे ते दाट खारं पाणी रात्रभर आत बसून दगड होत नाही. आठवड्यापेक्षा जास्त बंद राहणार असेल, पावसाळ्यात बऱ्याच ठिकाणी राहतो, तर १ टक्का सोडियम मेटाबायसल्फाईटचं द्रावण आत भरून दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर उघडल्यावर आत बुळबुळ आणि वास. महिन्याने त्याचा पीएच बघा, ३ च्या खाली गेला असेल तर द्रावण बदला. परत सुरू करताना निदान तासभर गोडं पाणी बाहेर सोडायचं, आणि वहीत पहिल्या दिवसाचे सातही आकडे परत लिहायचे, पुढचा हिशोब त्यावरूनच होणार आहे.